पुस्तकं वाचणारे आणि वाचायला लावणारे पाळक : चार्ल्स स्पर्जन



आपल्यापैकी बरेच जण मिडवेस्टात राहतात आणि कॅन्सस सिटीला कुणाचं ना कुणाचं जाणं-येणं असतंच. पाहुणे आले की त्यांना दाखवायची आपली यादी ठरलेली: बार्बेक्यू, कारंजी, पहिल्या महायुद्धाचं म्युझियम. त्या यादीत आज एका जागेची भर घालायची आहे. शहराच्या उत्तर भागात मिडवेस्टर्न बॅप्टिस्ट सेमिनरी आहे, आणि तिथे स्पर्जन लायब्ररी आहे. आत सुमारे ६,००० जुनी पुस्तकं आहेत. ही सगळी पुस्तकं एके काळी लंडनमधल्या एका माणसाच्या घरातल्या कपाटांत होती.

त्या माणसाचं नाव चार्ल्स हॅडन स्पर्जन. आपल्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना हे नाव नवं नाही. त्यांच्या घरी आजी-आजोबांच्या कपाटात स्पर्जनचं एखादं पुस्तक सापडेलही. बाकीच्यांनी बहुधा ऐकलं नसेल. एकोणिसाव्या शतकातले इंग्लंडमधले सगळ्यात गाजलेले धर्मोपदेशक अशी त्यांची ओळख करून देतात, आणि ती खरीच आहे. पण त्यांचं वक्तृत्व त्यांच्याबरोबर गेलं, ते ऐकायला आता कुणाला मिळणार नाही. आज सांगायचं आहे ते त्यांच्या पुस्तकवेडाबद्दल. आणि त्याहून जास्त, दुसऱ्याच्या हातात चांगलं पुस्तक पडावं म्हणून त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने जे केलं त्याबद्दल. पुस्तकांचं वेड असणाऱ्या कुणालाही, धर्म कोणताही असो, हा माणूस आपलासा वाटेल.

स्पर्जन यांचा जन्म १९ जून १८३४ चा, इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातल्या केल्व्हेडन गावचा. आई-वडिलांची परिस्थिती बेताची. तान्हेपण सरता सरताच चार्ल्सला स्टॅम्बोर्नला आजोबांकडे ठेवलं, आणि पहिली काही वर्षं तो तिथेच वाढला. आजी-आजोबांकडे वाढलेल्या मुलांचे लाड कसे होतात ते आपल्याला वेगळं सांगायला नको. आजोबा जेम्स स्पर्जन तिथल्या चर्चचे पाळक, म्हणजे पास्टर. चर्चने दिलेलं मोठं जुनं घर होतं. त्या काळी इंग्लंडात घराला किती खिडक्या आहेत त्यावर कर बसायचा. म्हणून लोक खिडक्याच बुजवून टाकत. (हा कर शेवटी १८५१ साली गेला.) पाळकाच्या घरातल्याही काही खिडक्या अशाच बुजवलेल्या होत्या, आणि त्यामुळे एक खोली कायमची काळोखी झाली होती. त्या खोलीत जुनी, जाडजूड, कातडी बांधणीची धर्मपुस्तकं रचून ठेवलेली होती. प्युरिटन लोकांची, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट पंथीयांची.

चार्ल्स त्या काळोख्या खोलीत शिरून एकेक पुस्तक ओढत उजेडात आणायचा. काही ग्रंथ इतके जड होते की पोराला धड उचलवतही नसत. त्यात त्याला जॉन बन्यनचं 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' मिळालं. पाठीवर ओझं घेऊन निघालेल्या यात्रेकरूचं चित्र पाहून त्याला वाटायचं, ह्या बिचाऱ्याचं ओझं कधी उतरणार! हे पुस्तक त्याने पुढे आयुष्यभरात शंभराहून जास्त वेळा वाचलं. आपल्यासाठी गंमत अशी की हेच पुस्तक १८४१ साली हरी केशवजी यांनी 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणलं, तेव्हा चार्ल्स जेमतेम सात वर्षांचा होता. म्हणजे तो ओझंवाला यात्रेकरू एसेक्सच्या एका काळोख्या खोलीतून बाहेर पडत होता, आणि साधारण त्याच सुमारास आपल्याकडेही पोचत होता.

आजीने नातवाला पाठांतराची गोडी लावायला आयझॅक वॉट्सच्या प्रत्येक भक्तिगीतामागे एक पेनी द्यायचं कबूल केलं. पोरगा इतकी पाठ करत सुटला की आजीला दर अर्धा करावा लागला, आणि मग आणखी खाली आणावा लागला. तेवढ्यात आजोबांनी घरातले उंदीर मारायला डझनामागे एक शिलिंग जाहीर केला. चार्ल्सने ताबडतोब गीतं सोडून उंदीर धरले! मोठेपणी ही गोष्ट ते स्वतःच सांगत, आणि पुढे पुस्ती जोडत की धंदा उंदरांचा किफायतशीर होता, पण आयुष्यभर उपयोगी पडली ती गीतंच.

दहा वर्षांचा असताना सुट्टीत तो पुन्हा आजोबांकडे आला होता. तेव्हा रिचर्ड निल नावाचे पाहुणे पाळक त्या घरी मुक्कामाला होते. हे गृहस्थ तरुणपणी दक्षिण भारतात मिशनरी म्हणून राहून गेले होते. घरच्या प्रार्थनेत मुलगा बायबल वाचायचा ते ऐकून ते थक्क झाले, आणि हा पोरगा पुढे हजारोंसमोर बोलेल असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मुद्दा भविष्याचा नाही. मोठ्याने, समजून, ठसक्यात वाचता येणं हेच त्या मुलाचं पहिलं भांडवल होतं.

शाळा कोलचेस्टर, मेडस्टोन अशा दोन-तीन गावी झाली. पंधराव्या वर्षी न्यूमार्केटच्या एका शाळेत तो शिकता शिकता शिकवूही लागला. तिथे त्याला धर्मशास्त्राचा पहिला खरा गुरू भेटला, आणि तो कोण, तर शाळेची स्वयंपाकीण! मेरी किंग तिचं नाव. ही बाई धार्मिक मासिकं वाचायची आणि वाचलेल्यावर पक्की मतं राखून होती. स्वयंपाकघरात तिच्याशी वाद घालताना आपल्याला जेवढं कळलं तेवढं मोठमोठ्या पंडितांकडूनही कळलं नसतं, असं स्पर्जन नंतर म्हणत. पुढे तिच्या म्हातारपणी ते तिला पैशाची मदतही करत.

१८५० च्या जानेवारीत, एका बर्फाच्या वादळात, नेहमीच्या चर्चपर्यंत पोचता आलं नाही म्हणून हा मुलगा कोलचेस्टरमधल्या गल्लीतल्या एका लहानशा मेथडिस्ट चॅपेलमध्ये शिरला. तिथे एका साध्यासुध्या, फारसं न शिकलेल्या माणसाने यशयाच्या पुस्तकातल्या एका वचनावर जे सांगितलं, त्याने त्याचं आयुष्य फिरलं. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने लार्क नदीत बाप्तिस्मा घेतला आणि तो बॅप्टिस्ट झाला. विल्यम कॅरी ज्या पंथाचे तोच हा पंथ. १८०५ साली श्रीरामपूरहून मराठीचं व्याकरण छापणारे कॅरी आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतात. १८५१ साली, सतराव्या वर्षी, स्पर्जन केंब्रिजजवळच्या वॉटरबीच या खेड्यात पाळक झाले.

आता पुढची गोष्ट मला या सगळ्या चरित्रात फार आवडते. वडिलांची इच्छा होती की मुलाने रीतसर धर्मशास्त्राच्या कॉलेजात शिकावं. कॉलेजचे प्राचार्य डॉ. अँगस केंब्रिजला आले होते, आणि १८५२ च्या फेब्रुवारीत त्यांची भेट ठरली. जागा होती पुस्तकांचे प्रकाशक मॅकमिलन यांचं घर. स्पर्जन वेळेवर पोचले. मोलकरणीने त्यांना दिवाणखान्यात बसवलं. दोन तास ते बसून राहिले. शेवटी घंटा वाजवून विचारलं तेव्हा कळलं, की डॉक्टरसाहेब पलीकडच्या खोलीत तितकाच वेळ वाट पाहून कंटाळून लंडनच्या गाडीने निघून गेले! एका घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघं. कॉलेज राहिलं ते राहिलंच. स्पर्जनना पदवी कधीच मिळाली नाही. माझ्या मते त्यांचं सगळं पुढचं वाचन ह्या चुकलेल्या भेटीतून समजून घ्यावं लागतं. ज्याच्याकडे कॉलेजचा शिक्का नाही त्याला पुस्तकांवाचून दुसरं कॉलेज नसतं, आणि खेड्यात एकटं राहून शिकणाऱ्याला कोणतं पुस्तक आधी घ्यावं हे सांगणारं कुणी नसलं तर काय होतं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

१८५४ साली, विशी गाठायच्या आत, त्यांना लंडनच्या न्यू पार्क स्ट्रीट चर्चने बोलावलं. गर्दी इतकी होऊ लागली की चर्च अपुरं पडलं, मग भाड्याच्या सभागृहांत उपासना भरू लागल्या. १९ ऑक्टोबर १८५६ ला सरे गार्डन्सच्या म्युझिक हॉलमध्ये कुणीतरी आग लागल्याची खोटी हाळी दिली, चेंगराचेंगरी झाली आणि सात माणसं गेली. बावीस वर्षांच्या त्या तरुणावर याचा घाव कायमचा राहिला. उदासीचे झटके त्यांना जन्मभर येत. १८६१ साली मेट्रोपॉलिटन टॅबर्नॅकल हे पाच-सहा हजार माणसं मावतील असं त्यांचं चर्च उभं राहिलं. त्यांची प्रवचनं १८५५ पासून दर आठवड्याला एक पेनीला छापून विकली जात, आणि हा क्रम त्यांच्या मृत्यूनंतरही १९१७ पर्यंत चालू राहिला. आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांच्या सामानात यातलं एक जीर्ण झालेलं प्रवचन सापडलं. त्यावर लिव्हिंग्स्टननी स्वतःच्या हाताने पसंतीचा शेरा लिहिलेला होता. त्यांच्या मुलीने ते प्रवचन स्पर्जनकडे पाठवलं. ते त्यांनी जपून ठेवलं.

८ जानेवारी १८५६ ला सुझॅना थॉम्पसन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्यांनी तिला दिलेली पहिली भेट म्हणजे, अर्थातच, 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'ची प्रत! लग्न ठरल्यावर त्यांनी तिच्या हातात थॉमस ब्रुक्स या जुन्या प्युरिटन लेखकाचं पुस्तक ठेवलं आणि त्यातली चांगली वाक्यं खुणा करून काढायला सांगितलं. त्यातून दोघांनी मिळून एक छोटं पुस्तक तयार केलं. लग्न ठरलेल्या मुलीला असा गृहपाठ देणारा नवरा आजच्या आपल्या मुली कितपत चालवून घेतील शंका आहे. पण सुझॅनाबाईंना हे आवडलं असावं, कारण पुढे शनिवारी संध्याकाळी त्याच नवऱ्याला भाष्यग्रंथ वाचून दाखवत आणि रविवारी रात्री, ते प्रवचनांनी दमून आले की, जॉर्ज हर्बर्टच्या कविता वाचून दाखवत.

स्पर्जन आठवड्याला सहाएक जाडजूड पुस्तकं वाचत असं सांगतात. घरच्या लायब्ररीत सुमारे १२,००० पुस्तकं जमली. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर आहे ते अंधारातही काढून देईन, अशी त्यांची बढाई होती. पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर ते आपलं मत लिहून ठेवत. कधी कौतुक, कधी दोन शब्दांत वाभाडे. अभ्यासिकेत जिथे खरी पुस्तकं ठेवता येत नव्हती तिथे त्यांनी नुसत्या पुस्तकांच्या पाठी लावून घेतल्या होत्या आणि त्यांवर गमतीदार खोटी नावं छापली होती. पाहुणा एखादं पुस्तक ओढायला गेला की फजिती!

पण वाचनवेडी माणसं आपण पुष्कळ पाहिली आहेत. कपाटाला कुलूप लावून बसणारीही पाहिली आहेत. स्पर्जनचं वेगळेपण पुढे आहे.

१८५६ साली त्यांनी पास्टर्स कॉलेज सुरू केलं. ज्या तरुणांना पैशाअभावी किंवा शिक्षणाअभावी इतर कॉलेजात प्रवेश मिळत नसे, त्यांच्यासाठी. ही मुलं शिकून खेड्यापाड्यांत, गरीब वस्त्यांत पाळक म्हणून जात. तिथे चर्चचे लोकच गरीब, तर पाळकाला पगार कुठून येणार? अनेकांना वर्षाला शंभर पौंडही मिळत नसत. घरात पाच-सहा लेकरं, बायको आजारी, आणि दर रविवारी दोनदा त्याच लोकांसमोर नवीन काहीतरी बोलायचं. पुस्तक घ्यायचं म्हणजे कुणाचे तरी बूट राहणार. असा माणूस वर्षानुवर्षं एकही नवं पुस्तक न वाचता बोलत राहतो, आणि मग त्याचं आणि ऐकणाऱ्यांचं दोघांचंही मन वाळून जातं. स्पर्जनना ही उपासमारच वाटायची, आणि पोटाच्या उपासमारीइतकीच ती खरी वाटायची.

'लेक्चर्स टू माय स्टुडंट्स' या त्यांच्या व्याख्यानांत एक खास व्याख्यान अशाच, हाताशी फारसं काही नसलेल्या पाळकांसाठी आहे. त्यांचं सांगणं अगदी व्यवहारी आहे. पैसे थोडे असतील तर थोडीच पुस्तकं घ्या, पण उत्तम घ्या. जी आहेत ती इतकी वाचा की ती तुमच्या अंगात भिनली पाहिजेत. वरवर चाळलेल्या वीस पुस्तकांपेक्षा पचवलेलं एक बरं. उसनी घ्या, पण परत करा, अगदी वेळेवर आणि न मळवता. (मंडळाच्या लायब्ररीतून 'मृत्युंजय' नेऊन अजून न आणून देणाऱ्यांनी इथे जरा थांबावं!) आणि चर्चच्या विश्वस्तांनाही त्यांनी बजावलं की पाळकाच्या पगाराबरोबर पुस्तकांची सोय करणं हे तुमचंच काम आहे, कारण त्यातून जे पिकेल ते तुमच्याच कानावर पडणार आहे. १८६३ साली त्यांनी याच विषयावर एक अख्खं प्रवचन दिलं होतं. प्रेषित पौलाने तुरुंगातून तीमथ्याला पत्र लिहून आपला झगा आणि पुस्तकं मागवली होती, त्यावर. एवढा थोर माणूस, मरण समोर दिसतंय, आणि तरी त्याला पुस्तकं हवी आहेत, हा त्यांचा मुद्दा होता.

१८७६ साली 'कमेंटिंग अँड कमेंटरीज' हे त्यांचं पुस्तक आलं. बायबलच्या प्रत्येक पुस्तकावर कोणते भाष्यग्रंथ आहेत आणि त्यातले कोणते घ्यावेत याची ही यादी. त्यासाठी त्यांनी तीन-चार हजार ग्रंथ चाळले आणि त्यातले चौदाशेच्या आसपास यादीत घेतले. छपाईची युक्ती तर बघा: अगदी घ्यावीच अशी पुस्तकं मोठ्या टाइपात, बरी पण साधारण मधल्या टाइपात, आणि फारशी उपयोगाची नाहीत ती बारीक टाइपात. खेड्यातल्या पाळकाने पान उघडलं की नजरेनेच कळावं पैसे कुठे घालायचे. आजच्या स्टार-रेटिंगच्या सव्वाशे वर्षं आधी! आणि प्रत्येकाखाली दोन-चार ओळींचा शेरा. मॅथ्यू हेन्रीच्या भाष्याला त्यांनी सगळ्यात वरची जागा दिली. कॉलेज सोडल्यावर पहिल्या वर्षभरात ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचाच, असा आग्रह धरला. उलट, त्यांच्याच चर्चचे दोनशे वर्षांपूर्वीचे पाळक बेंजामिन कीच यांनाही त्यांनी सोडलं नाही. कीच बायबलमधल्या रूपकांना गोमेइतके पाय लावून पळवतात, अशा अर्थाची त्यांची थट्टा केली. कंटाळवाण्या पुस्तकांवर ते निर्दय असत. मला वाटतं त्या निर्दयपणात दया होती, कारण समोर महिन्याचा खर्च भागवता न येणारा गिऱ्हाईक उभा होता.

आवड मात्र त्यांची एका बाजूला झुकलेली होती, हेही सांगायला हवं. जुने प्युरिटन ते डोक्यावर घेत, आणि नव्या विचारांच्या धर्मपंडितांवर त्यांचा विश्वास नव्हता. १८८७ साली याच कारणावरून त्यांनी बॅप्टिस्ट युनियन सोडली आणि जुने मित्र दुरावले. पण वाचताना कुंपण घातलं नाही. स्तोत्रसंहितेवरच्या 'ट्रेझरी ऑफ डेव्हिड' या त्यांच्या सात खंडांत (शेवटचा १८८५ चा) त्यांना न पटणाऱ्या पंथांचे लेखक आहेत, रोमन कॅथलिकही आहेत. चांगलं वाक्य सापडलं की ते कुणाच्या शेतातलं आहे हे त्यांनी पाहिलं नाही.

१८६५ पासून ते 'सोर्ड अँड ट्रॉवेल' म्हणजे तलवार आणि थापी या नावाचं मासिक काढत, आणि त्यात दर महिन्याला पुस्तकांची परीक्षणं लिहीत. १८६६ साली त्यांनी पुस्तकं घरोघर नेऊन विकणाऱ्यांची संस्था सुरू केली. आपल्याकडे जत्रेत पोथ्या, पंचांगं मांडून बसणारे असत, तसे हे लोक पाठीवर गठ्ठा घेऊन खेड्यापाड्यांतून फिरत, बायबल आणि स्वस्त पुस्तकं विकत, आजाऱ्याजवळ बसून वाचूनही दाखवत. जिथे पुस्तकांचं दुकान नाही तिथे दुकानच चालत गेलं पाहिजे, असा हा हिशोब.

आणि मग १८७५ चा उन्हाळा. सुझॅनाबाई १८६८ च्या सुमारापासून आजारी होत्या. शस्त्रक्रिया होऊनही बरं वाटलं नव्हतं, घराबाहेर पडणं जवळजवळ बंदच होतं. हजारो लोक ज्यांचं ऐकायला येत त्या नवऱ्याचं प्रवचन ऐकायला त्यांना जाता येत नसे. 'लेक्चर्स टू माय स्टुडंट्स'च्या पहिल्या भागाची मुद्रितं त्या वाचत होत्या. स्पर्जननी विचारलं, कसं वाटलं? बाई म्हणाल्या, इंग्लंडमधल्या प्रत्येक पाळकाला याची एकेक प्रत देता आली तर! स्पर्जननी लगेच उलट विचारलं, मग तू काय देतेस? बाई गप्प झाल्या. मग त्यांना आठवलं की हातात आलेलं प्रत्येक पाच शिलिंगचं नाणं त्या कधीपासून वरच्या खोलीत एका खणात बाजूला टाकत आल्या आहेत. वर जाऊन मोजली, तर बरोबर शंभर प्रतींचे पैसे निघाले. चांदीची नाणी डब्यात टाकून ठेवणाऱ्या आपल्या आज्या काही वेगळ्या नव्हत्या.

त्या शंभर प्रती वाटल्या आणि काम संपलं असं बाईंना वाटलं होतं. पण मासिकात बातमी आली आणि पत्रांचा पाऊस पडला. काही पत्रांत पैसे होते, बाकीच्यांत मागणी. वर्षानुवर्षं एकही पुस्तक घेता आलं नाही, असं लिहिणारे पाळक एक-दोन नव्हते, ढिगाने होते. पार्सल उघडताना बायका-मुलांसकट सगळं घर कसं भोवती जमलं याची वर्णनं येऊ लागली. सुझॅनाबाईंनी याला बुक फंड असं नाव दिलं. पुढची अठ्ठावीस वर्षं, १९०३ साली त्या वारल्या तोपर्यंत, हे काम चाललं आणि सुमारे दोन लाख पुस्तकं गेली. मागणारा बॅप्टिस्ट आहे की दुसऱ्या कुठल्या पंथाचा हे पाहिलं नाही. याद्या, हिशोब, पत्रांची उत्तरं, सगळं त्या स्वतः बघत, बऱ्या असल्या की टेबलाशी बसून आणि नसल्या की अंथरुणातून. या कामावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. घरात कोंडून पडलेल्या माणसाने काय करावं याचं इतकं चांगलं उत्तर मी तरी दुसरं वाचलेलं नाही.

स्पर्जन स्वतः सांधेदुखीने (गाउट) आणि मूत्रपिंडाच्या विकाराने खंगत गेले. हिवाळ्यात लंडनच्या हवेतून सुटका म्हणून दक्षिण फ्रान्समध्ये मेंतोंला जात. तिथेच ३१ जानेवारी १८९२ ला ते गेले. वय अवघं ५७.

आता लायब्ररी अमेरिकेत कशी आली ते सांगतो, आणि त्याआधी एक जुनी गोष्ट. १८५० च्या दशकात स्पर्जनची प्रवचनं अमेरिकेत धडाक्याने खपत. मग लोकांच्या लक्षात आलं की अमेरिकन आवृत्त्यांतून गुलामगिरीविरुद्धच्या ओळी गाळल्या जात आहेत. स्पर्जनना विचारणा झाली तेव्हा त्यांनी स्वच्छ कळवलं की गुलामगिरी हा गुन्हा आहे, आणि गुलाम बाळगणाऱ्याबरोबर आपण प्रभुभोजनाला बसणार नाही. १८६० साली दक्षिणेतल्या राज्यांत त्यांच्या पुस्तकांच्या होळ्या पेटल्या, अलाबामातल्या माँटगमेरीत तर जाहीरपणे. खप कोसळला. त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

सुझॅनाबाईंच्या मृत्यूनंतर घर मोडलं आणि पुस्तकं विकायला निघाली. ती घेतली मिझुरी राज्यातल्या बॅप्टिस्टांनी. होय, त्याच मिझुरीने, जे १८६५ पर्यंत गुलामगिरी चालू असलेलं राज्य होतं. १९०६ साली सुमारे ७,००० पुस्तकं अटलांटिक ओलांडून विल्यम ज्युएल कॉलेजात आली. हे कॉलेज ज्या गावात आहे त्याचं नाव लिबर्टी! तिथे ती शंभर वर्षं राहिली. २००६ साली मिडवेस्टर्न सेमिनरीने ती चार लाख डॉलरना विकत घेतली, आणि २०१५ साली त्यांच्यासाठी आजची लायब्ररी उघडली. लिबर्टी ते तिथपर्यंत गाडीने अर्धा तासही लागत नाही.

आपण बॅगेतल्या लोणच्याचं वजन कमी करून पुस्तकं आणलेली माणसं. आपल्या तळघरातल्या त्या खोक्यांचं पुढे काय होणार, हा विषय मंडळाच्या जेवणांत हल्ली बरेचदा निघतो, त्यामुळे हा प्रवास वाचताना मी जरा रेंगाळलो, एवढंच.

गेलात तर काचेआडची जुनी पुस्तकं बघताना एक गोष्ट मुद्दाम विचारा. काही पुस्तकांच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानावर स्पर्जनच्या हाताचे शेरे आहेत. कुठे लेखकाला शाबासकी, कुठे नुसती चेष्टा. अक्षर बारीक आहे, पण लागतं.